सॉलोमन आयलंड्स २००६ : पोलीस कमिशनर नक्की कुणाचा माणूस?

डिसेंबर २००६ चे शेवटचे दिवस. सॉलोमन आयलंड्सचे पोलीस कमिशनर सुट्टीवर ऑस्ट्रेलियाला गेले होते आणि ते तिकडे असतानाच सॉलोमनच्या सरकारने त्यांना नकोसा परदेशी म्हणून जाहीर केलं. म्हणजे देशाच्या पोलीस प्रमुखालाच देशात पाय ठेवायला बंदी! कमिशनर ऑस्ट्रेलियन होते, ऑस्ट्रेलियन फेडरल पोलिसातून तिथे आलेले, आणि दोन्ही सरकारांमध्ये तोपर्यंत इतकं फाटलं होतं की साधं बोलणंही पेपरमधून चालू होतं.

या प्रकरणाची गोष्ट बहुतेक वेळा एका ओळीत उरकली जाते. एक बाजू म्हणते मोठ्या देशाची दादागिरी, दुसरी म्हणते गुन्हेगारांना पाठीशी घालणारा पंतप्रधान. मला दोन्ही अपुरं वाटतं. माझ्या मते घोळ मुळात नेमणुकीत होता. एका खुर्चीवर बसलेल्या माणसाकडून दोन सरकारांच्या अपेक्षा होत्या, आणि त्या दोन सरकारांचं भांडण झालं तर त्याने कुणाकडे बघायचं हे भांडण होईपर्यंत कुणी स्पष्ट केलं नाही.

कमिशनर आणि या भानगडीतले वकील यांची नावं मुद्दाम देत नाही, इथे पद बघायचंय. पंतप्रधानांची नावं मात्र टाळता येत नाहीत.

पार्श्वभूमी

सॉलोमन आयलंड्स म्हणजे पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेला पसरलेली शेकडो बेटं, राजधानी होनियारा, ती ग्वाडलकनाल बेटावर. १९७८ ला ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य मिळालं. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी लागते, या देशाला लष्कर नाही. जे काय आहे ते पोलीस. त्यामुळे तिथे पोलीस कमिशनर नेमणं हे बाकीच्या देशांत सेनाप्रमुख नेमण्याइतकं मोठं काम आहे आणि ती खुर्ची कुणाकडे आहे यावर सरकार टिकणार की पडणार हेही ठरू शकतं. हा नुसता तर्क नाही, २००० साली तसं घडलंय.

१९९८ च्या शेवटापासून ग्वाडलकनालचे मूळचे लोक आणि शेजारच्या मलाइटा बेटावरून येऊन वसलेले लोक यांच्यात जमिनीवरून आणि नोकऱ्यांवरून पेटलं. हजारो मलाइटन कुटुंबांना घरदार सोडून पळावं लागलं, मग मलाइटन तरुणांनी ईगल फोर्स नावाची सशस्त्र संघटना काढली, आणि पोलिसात मलाइटन लोकांचं प्रमाण भरपूर असल्यामुळे खातंच आतून दुभंगलं. ५ जून २००० ला ईगल फोर्स आणि त्यांना सामील झालेले पोलीस यांनी मिळून होनियारातल्या रोव्ह भागातलं पोलिसांचं शस्त्रागार ताब्यात घेतलं आणि पंतप्रधान उलुफाआलू यांना ओलीस धरून राजीनामा द्यायला लावला. ज्या बंदुकांनी सरकारचं रक्षण व्हायचं त्याच बंदुकांनी सरकार पाडलं. त्यानंतर संसदेने पंतप्रधान म्हणून निवडले मनासे सोगावारे. हे नाव लक्षात ठेवा, सहा वर्षांनी तेच पुन्हा येतात.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टाउन्सव्हिलला शांतता करार झाला पण बंदुका काही परत आल्या नाहीत. उलट, शांत बसावेत म्हणून माजी बंडखोरांना स्पेशल कॉन्स्टेबल म्हणून पोलिसातच भरती केलं. नुकसानभरपाईच्या नावाखाली सरकारी तिजोरी उपसली जात होती, कधीकधी सरळ बंदूक दाखवून. सामान्य माणसाला चोर आणि पोलीस यात फरक वाटेनासा झाला होता, आणि आपल्याच पोलिसांची भीती वाटणं हे किती वाईट असतं हे ज्यांनी ते दिवस काढले त्यांनाच माहीत. म्हणून परदेशी कमिशनर हा प्रकार आधी लोकांना अपमान वाटला नाही, सुटका वाटली, हे नीट समजून घेतलं पाहिजे. २००३ च्या सुरुवातीला एका ब्रिटिश अधिकाऱ्याने कमिशनरपद घेतलं तेव्हा फारशी कुरकुर झाली नाही.

त्याच वर्षी पंतप्रधान केमाकेझा यांनी मदत मागितली आणि २४ जुलै २००३ ला ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली पॅसिफिक देशांची मोहीम होनियाराला उतरली. तिचं नाव रॅमसी. न्यूझीलंड, फिजी, टोंगा, पापुआ न्यू गिनी असे बरेच देश त्यात होते पण पैसा आणि माणसं मुख्यतः ऑस्ट्रेलियाची. सॉलोमनच्या संसदेने त्यासाठी खास कायदा केला, रॅमसीच्या लोकांना अधिकार आणि कायदेशीर संरक्षण दिलं. काही महिन्यांत तीन हजारांवर बंदुका जमा झाल्या, बंडखोरांचे म्होरके आत गेले, आणि पोलिसांतले शेकडो लोक बाहेर काढले गेले, त्यातल्या बऱ्याच जणांवर खटलेही चालले. स्थानिक पोलीस निःशस्त्र झाले. म्हणजे आता देशात बंदूक फक्त रॅमसीकडे.

इथे एक बारकावा आहे ज्याच्याकडे त्या आनंदात कुणाचं लक्ष गेलं नाही. रॅमसीच्या पोलीस तुकडीचा प्रमुख हा सॉलोमन पोलिसांचा डेप्युटी कमिशनरही असायचा. एक माणूस, दोन टोप्या. आणि २००५ मध्ये ब्रिटिश कमिशनर गेल्यावर त्यांच्या जागी ऑस्ट्रेलियन अधिकारी आले, तेव्हा वरची खुर्चीही त्याच देशाकडे गेली.

राज्यघटनेप्रमाणे कमिशनरची नेमणूक गव्हर्नर जनरल, म्हणजे ब्रिटिश राजघराण्याचे देशातले प्रतिनिधी, करतात, पंतप्रधानांच्या सल्ल्याने, आणि पंतप्रधानांनी त्याआधी पोलीस आणि तुरुंग सेवा आयोगाशी बोलायचं असतं. पण एकदा नेमल्यावर पोलीस कसे वापरायचे, कुठे धाड घालायची, कुणाला पकडायचं हे कमिशनर ठरवणार, त्यात मंत्र्याने ढवळाढवळ करायची नाही. कलम चांगलंच आहे. पंतप्रधानांनी सांगितलं म्हणून कुणाला अटक होऊ नये किंवा कुणी सुटू नये यासाठीच ते आहे. पण हे स्वातंत्र्य स्वतःच्या पंतप्रधानांपासून जितकं हवं तितकंच दुसऱ्या देशाच्या राजधानीपासूनही हवं, आणि ते सिद्ध कसं करणार? प्रतिनियुक्तीवर आलेला अधिकारी उद्या आपल्या मूळ खात्यात परत जाणार असतो, त्याचं पुढचं प्रमोशन तिकडे असतं. तो माणूस कितीही सरळ असला तरी लोकांच्या मनात शंका राहतेच.

अडचण कशी उभी राहिली

१८ एप्रिल २००६. निवडणुकीनंतर संसदेने स्नायडर रिनी यांना पंतप्रधान निवडलं आणि बाहेर जमलेली गर्दी भडकली. खासदार विकत घेतले गेले असं लोक उघड बोलत होते. संसदेबाहेर अश्रुधूर सुटला, पोलिसांच्या गाड्या पेटल्या, मग जमाव शहरात घुसला आणि चायनाटाउनची दुकानं रांगेने जाळली. तिथे पिढ्यानपिढ्या धंदा करणारी चिनी कुटुंबं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. कुणी मेलं नाही हे नशीब. पण पावणेतीन वर्षं रॅमसी देशात आहे, वर ऑस्ट्रेलियन कमिशनर आहे, आणि राजधानी जळत असताना पोलिसांना काही करता आलं नाही, हे सगळ्यांनी बघितलं. आठवड्याभरात रिनींनी राजीनामा दिला, ४ मे ला सोगावारे पुन्हा पंतप्रधान झाले.

इथून पुढे दोन्ही बाजूंनी एकामागून एक पावलं पडत गेली. सोगावारेंनी मंत्रिमंडळ जाहीर केलं त्यात दंगल भडकवल्याच्या आरोपाखाली कोठडीत असलेला एक खासदार चक्क पोलीस खात्याचा मंत्री! दुसऱ्या कोठडीतल्या खासदारालाही मंत्रिपद होतं. ओरड झाल्यावर त्यांना काढलं पण व्हायचं ते नुकसान झालं, कॅनबेराला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या सरकारला, सोगावारेंच्या हेतूवर शंका घ्यायला यापेक्षा चांगलं कारण मिळालं नसतं.

मग दंगलीच्या चौकशीसाठी आयोग नेमला. आयोग हवाच होता, पोलीस कुठे कमी पडले हे लोकांना कळायला पाहिजे होतं. पण त्याच्या कार्यकक्षेत त्या दोन खासदारांच्या अटकेचा विषयही घातला, आणि खटला कोर्टात चालू असताना. ऑस्ट्रेलियाने आक्षेप घेतला की हा न्यायप्रक्रियेत हस्तक्षेप आहे. आक्षेप चुकीचा नव्हता. पण तो ज्या पद्धतीने, ज्या जोरात मांडला गेला त्यामुळे सोगावारेंना म्हणता आलं की ऑस्ट्रेलियाला आपल्या कमिशनरची चौकशीच नकोय. सप्टेंबरमध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या हाय कमिशनरला, म्हणजे राजदूताला, देशाबाहेर काढलं. ऑस्ट्रेलियाने उत्तर म्हणून सॉलोमनच्या खासदारांच्या व्हिसाची सवलत काढून घेतली.

त्यात भर पडली नव्या ॲटर्नी जनरलची, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा सल्लागाराची. सोगावारेंनी आधीच्या ॲटर्नी जनरलला हटवून आपल्या विश्वासातल्या एका वकिलाला नेमायचं ठरवलं. ते ऑस्ट्रेलियन नागरिक, आणि त्यांच्यावर ऑस्ट्रेलियाने शेजारच्या वानुआतू या बेटांच्या देशातल्या १९९७ सालच्या लैंगिक गुन्ह्याच्या आरोपावरून वॉरंट काढलं. ते आरोप वानुआतूच्या कोर्टात पूर्वीच फेटाळले गेले होते. २९ सप्टेंबरला ते पापुआ न्यू गिनीची राजधानी पोर्ट मोर्स्बी इथल्या विमानतळावर पकडले गेले, जामिनावर सुटले, सॉलोमनच्या वकिलातीत जाऊन बसले, आणि १० ऑक्टोबरला पापुआ न्यू गिनीच्या लष्करी विमानाने सॉलोमनमधल्या मुंडा नावाच्या छोट्याशा धावपट्टीवर उतरले. उतरल्या उतरल्या सॉलोमनच्या पोलिसांनीच बेकायदा प्रवेशासाठी त्यांना अटक केली. म्हणजे पंतप्रधानांनी निवडलेला माणूस, आणि त्याला पकडणारे पंतप्रधानांच्याच देशाचे पोलीस, ज्यांचा प्रमुख ऑस्ट्रेलियन. आरोप ऑस्ट्रेलियाचे, वॉरंट ऑस्ट्रेलियाचं. आता कमिशनरने हे काम सॉलोमनच्या कायद्यासाठी केलं की कॅनबेरासाठी? कदाचित दोन्हीसाठी, कदाचित फक्त कायद्यासाठी. बाहेरून बघणाऱ्याला ते ओळखायचा कुठलाच मार्ग नव्हता.

सगळ्यात महागात पडलेला दिवस

२० ऑक्टोबर २००६, शुक्रवार. पॅसिफिक देशांच्या प्रमुखांची परिषद फिजीत नाडी इथे चार दिवसांवर आलेली, सोगावारे कार्यालयात नाहीत, आणि पोलिसांनी, ज्यात रॅमसीचे ऑस्ट्रेलियन अधिकारी होते, पंतप्रधानांच्या कार्यालयावर धाड घातली. दार लाथेने उघडलं. शोधत होते फॅक्स मशीन, त्या वकिलाच्या प्रवेशासाठी जे कागद पाठवले गेले त्याचा पुरावा म्हणून.

मी या दिवसापाशी थांबतो कारण मला वाटतं इथे प्रकरण हातातून गेलं. तपासाच्या दृष्टीने धाड बरोबर असेलही, पुरावा नष्ट होण्याची भीती खरी असते, आणि पंतप्रधानांचं कार्यालय कायद्याच्या वर नाही. पण परदेशी अधिकारी एका स्वतंत्र देशाच्या पंतप्रधानांच्या दारावर लाथ मारतायत हे चित्र एकदा तयार झालं की मग फॅक्समध्ये काय होतं याला काही अर्थ उरत नाही. होनियारात ज्यांना सोगावारे अजिबात आवडत नव्हते, ज्यांना रॅमसी हवी होती, अशांनाही ते झोंबणं साहजिक होतं. नाडीला सोगावारे गेले ते पीडित म्हणून गेले. तिथे बाकीच्या नेत्यांनी रॅमसीला पाठिंबा कायम ठेवला पण तिच्या कामाचा आढावा घ्यायचंही ठरवलं. हा आढावा ही सोगावारेंची खरी कमाई होती, पण पुढे ते त्याचा नीट वापर करू शकले नाहीत.

कमिशनरपुढे त्या दिवशी दुसरे रस्ते होते का? माझ्या मते होते. कागदपत्रं हजर करा अशी रीतसर मागणी करता आली असती. गव्हर्नर जनरलना आधी कल्पना देता आली असती. निदान आत जाणारे अधिकारी फक्त सॉलोमनचे ठेवता आले असते. यातल्या प्रत्येकात पुरावा हातचा जाण्याची थोडी जोखीम होती हे मान्य, पण धाडीमुळे जो विश्वास गेला त्यापुढे ती जोखीम फार छोटी होती.

डिसेंबरमध्ये समोर कोणते पर्याय होते

सोगावारेंना हा कमिशनर नको होता हे उघड होतं. पण नको असणं आणि काढता येणं यात फरक आहे.

एक पर्याय म्हणजे थांबायचं. कमिशनरची मुदत संपू द्यायची, तोपर्यंत स्थानिक अधिकाऱ्यांमधून पुढचा माणूस ठरवून तसं जाहीर करायचं. कंटाळवाणा रस्ता, पण यात ऑस्ट्रेलियाला आक्षेप घ्यायला काही मिळालं नसतं. अडचण अशी की सोगावारेंचं बहुमत तकलादू होतं आणि वकिलाची केस चालू होती, वाट बघायला त्यांच्याकडे वेळ नव्हता.

दुसरा, घटनेतल्या आयोगामार्फत जायचं. दंगलीतलं अपयश आणि धाड, हे दोन मुद्दे घेऊन कमिशनरच्या वागणुकीची चौकशी मागायची. हा मला सगळ्यात चांगला वाटतो. केस हरली असती तरी पद्धत रुजली असती, की परदेशी कमिशनरलाही इथल्याच संस्थेपुढे उत्तर द्यावं लागतं. पण निकाल पंतप्रधानांच्या हातात राहिला नसता.

तिसरा, नाडीला ठरलेल्या आढाव्यात हा विषय टाकायचा आणि ऑस्ट्रेलियालाच दुसरा माणूस द्यायला लावायचं, शक्यतो दुसऱ्या देशाचा. यासाठी दोन्ही बाजूंना थोडा कमीपणा घ्यावा लागला असता आणि त्या महिन्यात तशी मनःस्थिती कुणाचीच नव्हती.

चौथा, इमिग्रेशन कायदा. हाय कमिशनर हा राजदूत, त्याला नको म्हणायला आंतरराष्ट्रीय नियमांत सोय आहे, कारणही द्यावं लागत नाही. पोलीस कमिशनर राजदूत नव्हे, तो सॉलोमनचाच घटनात्मक अधिकारी. पण पासपोर्ट परदेशी! म्हणजे पदावरून काढायची कटकट नाही, फक्त देशात येऊ द्यायचं नाही. कमिशनर पदावर असूनही नसल्यासारखा.

ऑस्ट्रेलियापुढेही पर्याय होते हे विसरायला नको. ऑक्टोबरच्या धाडीनंतर कॅनबेरा स्वतःहून कमिशनर बदलू शकलं असतं, न्यूझीलंडचा किंवा बेटांपैकी कुणाचा अधिकारी पुढे करू शकलं असतं. आपला माणूस मागे घेतला तर आपण चुकलो असं दिसेल, ही भीती मोठ्या देशांना नेहमी असते आणि ती त्यांना नेहमी महागात पडते.

प्रत्यक्षात काय झालं

सोगावारेंनी चौथा रस्ता घेतला, आणि कमिशनर सुट्टीवर गेल्याची संधी साधून घेतला. अटक नको, विमानतळावरचा तमाशा नको. राजकीय दृष्ट्या हुशार पाऊल होतं पण त्याची किंमत अशी की स्वतःच्याच घटनेतल्या नेमणूक-बडतर्फीच्या व्यवस्थेला त्यांनी बगल दिली. उद्या कुणी स्थानिक कमिशनर नकोसा झाला तर? त्याला तर परदेशी ठरवता येत नाही. म्हणजे प्रश्न तसाच राहिला.

२००७ च्या सुरुवातीला त्यांनी आणखी एक विषय काढला, पंतप्रधानांच्या सुरक्षेसाठी पोलिसांची एक तुकडी पुन्हा सशस्त्र करायची आणि तिला तैवानकडून प्रशिक्षण घ्यायचं. सॉलोमनची तेव्हा तैवानशी राजनैतिक मैत्री होती. पण लोकांच्या डोळ्यांपुढे रोव्हचं शस्त्रागार आलं. बंदुका पुन्हा स्थानिक पोलिसांकडे जाणार म्हटल्यावर जे लोक धाडीच्या वेळी सोगावारेंच्या बाजूने बोलत होते तेही बिचकले. ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी याच काळात सॉलोमनच्या जनतेला उद्देशून खुलं पत्र छापलं, सरकारला वगळून थेट लोकांशी बोलायला गेले. आपल्याला पटवायचंय ते लोकांना पटेलही, पण एका देशाच्या मंत्र्याने दुसऱ्या देशाच्या सरकारच्या डोक्यावरून बोलणं म्हणजे ज्या आरोपाला उत्तर द्यायचं तोच आरोप खरा करून दाखवणं.

रिकाम्या खुर्चीवर काही महिने प्रभारी अधिकारी होते. मग २००७ च्या मध्यात सोगावारेंनी नवा कमिशनर आणला, आणि तोही परदेशीच, फिजीचा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात बोलका निर्णय हा आहे. सार्वभौमत्वासाठी इतकं भांडण झालं आणि शेवटी स्थानिक माणूस त्या खुर्चीवर बसवायची हिंमत किंवा तयारी झाली नाही, कारण खात्यात मलाइटा-ग्वाडलकनालची जखम ओलीच होती, कुणालाही बसवलं तरी दुसऱ्या बाजूला तो आपला वाटला नसता. परदेशी माणूस इथे खरंच उपयोगी होता. फक्त तो ज्या देशाशी भांडण आहे त्या देशाचा नको होता.

निकाल

१३ डिसेंबर २००७ ला सोगावारे अविश्वास ठरावात पडले, डेरेक सिकुआ पंतप्रधान झाले. ते वकील, जे जुलैमध्ये ॲटर्नी जनरल झाले होते, त्यांना २७ डिसेंबरला ऑस्ट्रेलियाला पाठवून दिलं. फिजीच्या कमिशनरचीही पुढे गच्छंती झाली आणि न्यूझीलंडचा अधिकारी आला. ऑस्ट्रेलियाशी संबंध पटकन सुधारले, वरवर बघता कॅनबेराचा विजय.

पण गोष्ट तिथे संपली नाही. ७ डिसेंबर २०११ ला ऑस्ट्रेलियाच्याच हायकोर्टाने, जे तिथलं सर्वोच्च न्यायालय आहे, त्या वकिलावरचा खटला कायमचा थांबवला. आरोप खरे की खोटे यावर कोर्ट गेलंच नाही. कोर्टाचं म्हणणं असं की त्यांना सॉलोमनमधून ज्या पद्धतीने पाठवलं ती बेकायदा होती आणि होनियारातल्या ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्यांना ते माहीत असूनही त्यांनी त्याला हातभार लावला. तक्रार करणाऱ्या बाजूला न्याय मिळायची शक्यता संपली, आरोपीला निर्दोष ठरायची संधीही. ज्या केसच्या नावाखाली पंतप्रधानांच्या दारावर लाथ मारली ती केस शेवटी घाईनेच गेली.

कमिशनरच्या खुर्चीवर पुढेही बहुतेक काळ परदेशी अधिकारीच राहिले, न्यूझीलंडचे, ब्रिटनचे, पुन्हा ऑस्ट्रेलियाचे. रॅमसी ३० जून २०१७ ला संपली, आणि मोस्टिन मांगाऊ हे स्थानिक अधिकारी कमिशनर झाले ते २०२० मध्ये.

ओढाताण मात्र थांबलेली नाही, तिने जागा बदलली. नोव्हेंबर २०२१ मध्ये होनियारा पुन्हा जळलं, पंतप्रधान पुन्हा सोगावारेच, त्यांनी २०१७ च्या सुरक्षा कराराखाली ऑस्ट्रेलियाकडून पोलीस मागवले, आणि २०२२ मध्ये चीनशीही सुरक्षा करार केला. मग एकाने रायफली द्यायच्या, दुसऱ्याने पाण्याचे फवारे मारणाऱ्या गाड्या द्यायच्या, दोघांनीही प्रशिक्षण द्यायचं. डिसेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाने सॉलोमनच्या पोलिसांसाठी १९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर जाहीर केले, त्यात प्रशिक्षण केंद्रही आहे.

कुठे वेगळं करता आलं असतं

माझ्या मते पहिली संधी २००५ ची. ब्रिटिश कमिशनर गेल्यावर रॅमसीचं नेतृत्व करणाऱ्या देशाचाच माणूस वर बसवायला नको होता. त्या वेळी लोकांचा पाठिंबा होता, भांडण नव्हतं, न्यूझीलंडकडे माणसं होती. सगळं सुरळीत असताना असे बदल करायला कुणाला सुचत नाही, आणि बिघडल्यावर तोच बदल माघार वाटतो.

दुसरी गोष्ट दोन टोप्यांची. रॅमसीच्या पोलिसांनी सल्ला द्यायचा, शिकवायचं, गरज पडली तर मागे उभं राहायचं, पण पंतप्रधान किंवा मंत्री ज्यात गुंतलेत असे तपास वेगळ्या हातात हवे होते, म्हणजे पॅसिफिकमधल्या इतर देशांच्या अधिकाऱ्यांची एक छोटी तुकडी, जिचा प्रमुख ऑस्ट्रेलियन नाही. असं केलं असतं तर तपास ढिला पडला नसता, उलट त्याला वजन आलं असतं.

सोगावारेंच्या बाजूने बघितलं तर कोठडीतल्या माणसाला पोलीस मंत्री करणं ही चूक बाकी सगळ्यांच्या मुळाशी आहे. त्यांचं सार्वभौमत्वाबद्दलचं म्हणणं बरंच खरं होतं पण त्या एका यादीनंतर ते ऐकून घ्यायला कुणी तयार राहिलं नाही. चौकशी आयोगातून अटकेचा विषय वगळून फक्त पोलिसांचं अपयश ठेवलं असतं तर कमिशनरला स्वतःच्या कामाचा हिशोब उघडपणे द्यावा लागला असता, आणि ऑस्ट्रेलियाला त्यावर बोट ठेवता आलं नसतं.

आणि स्थानिक वारसाचं काय? २००३ लाच ठरवायला हवं होतं की अमुक वर्षांनी कमिशनर सॉलोमनचा असेल, त्यासाठी वेगवेगळ्या बेटांवरचे चार-पाच अधिकारी निवडून त्यांना खरी जबाबदारी द्यायची, एकेका प्रांताचं पोलीस दल सांभाळायला लावायचं, चुका करू द्यायच्या. दंगलीच्या दिवशी निर्णय घेणाऱ्या खोलीत असे दोघं-तिघं असते तर निदान जमावातल्या म्होरक्यांना नावाने ओळखणारं कुणीतरी तिथे असतं. नेमणुकीच्या कागदावरच लिहून ठेवता आलं असतं की मुदत किती, वाढवायची तर आयोगाच्या संमतीने, काढायचं तर आयोगाच्याच चौकशीनंतर, आणि मूळ देशाशी वाद झाला तर त्या काळात अधिकार कुठल्या डेप्युटीकडे जातील.